जमिनीखालचा ड्रेनेज पाइप खरंच बदलावा लागेल का? कसं ठरवायचं?

उंबरठा

नमस्कार मंडळी,

गेले दोन आठवडे घरात दुसरा विषय नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमचं घर ४० वर्षांपूर्वीचं. मागच्या चेंबरपासून घराच्या कडेकडेने पुढच्या चेंबरपर्यंत १८ मीटरची ड्रेनेज लाइन जमिनीखालून जाते आणि तिथून रस्त्यावरच्या मुख्य गटाराला मिळते. पाइप ४ इंची, चिनीमातीचा, घर बांधतानाच टाकलेला. इतकी वर्षं त्याने कसलाच त्रास दिला नाही. गेल्या वर्षभरात मात्र तीनदा तुंबला. पहिल्या दोन वेळा सळई घालून मोकळा झाला. तिसऱ्या वेळी दुसऱ्या कोणाला तरी बोलावलं. त्यांनी कॅमेरा आत सोडला आणि मोबाइलवर मला दाखवलं. एका जागी मुळांचा झुपका, पुढे एक लांब काळी रेघ, आणि मग कॅमेरा सरळ पाण्यातच बुडाला, काही दिसेना. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, पाइपचं आयुष्य संपलंय, अख्खी लाइन उकरून पीव्हीसी टाका, नाहीतर कधीही खचेल. आठवड्याभरात कळवा म्हणाले.

उकरायचं म्हणजे कडेची फरशी, पुढच्या दाराच्या पायऱ्या आणि सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने लावलेलं झाड, तिन्ही जाणार. सासरे आता नाहीत. गरज असेल तर आम्ही तेही करू, पण गरज आहे हे आधी मला पटायला हवं. चार मिनिटांच्या चित्रफितीवरून असं ठरवता येतं का? यातून कोणी गेलं असेल तर कृपया सांगा. मला बांधकामातलं काही कळत नाही.


आडवाट

ताई, पहिली गोष्ट, आठवड्याची मुदत मनावर घेऊ नका. ४० वर्षं टिकलेला पाइप पुढच्या मंगळवारी मोडत नाही. पाणी वाहतंय ना आत्ता? मग तुमच्या हातात वेळ आहे.

आम्हालाही अगदी हेच सांगितलं होतं. पाइप गेलाय, बदला. दुसऱ्या माणसाला बोलावलं, त्याने आधी जेटिंग करू म्हटलं, म्हणजे जोराच्या पाण्याने लाइन आतून धुणं. पाण्याच्या दाबाने चेंबरमध्ये येऊन पडलं ते एक फडकं आणि त्याच्यात अडकलेला सिमेंटचा मुठीएवढा गोळा. बाथरूमच्या दुरुस्तीत कोणाच्या तरी हातून आत गेलेला. त्याला ६ वर्षं झाली, परत एकदाही तुंबलं नाही. त्या दिवशी मान डोलावली असती तर धडधाकट पाइप उकरून फेकला असता.


पाणसळ

३० वर्षं साइटवर याच कामात घालवली, आता निवृत्त आहे. थोडं लांबेल, पण ताईंनी कळकळीने विचारलंय म्हणून नीट लिहितो.

आधी चिनीमातीच्या पाइपबद्दल. "आयुष्य संपलं" हे वाक्य या पाइपला लावलेलं मला कधीच पटलं नाही. भट्टीत भाजलेली, काचेसारखी झिलई दिलेली माती आहे ती. गंजत नाही, आम्लाने झिजत नाही, वयाने पातळ होत नाही. शंभर वर्षांपूर्वीचे पाइप उकरून काढले तरी आतून नवे असावेत तसे गुळगुळीत निघतात. बिघडतं ते दोन ठिकाणी: जोडाला आणि पाइपखालच्या मातीत. जुना पाइप ६० सेंटिमीटरच्या तुकड्यांचा असेल तर तुमच्या १८ मीटरमध्ये ३० जोड झाले. हे जोड सुतळी आणि सिमेंटच्या मसाल्याने भरलेले असायचे. मसाला कडक, त्याला लवचीकपणा नाही. जमीन जरा हलली की जोडाला केसासारखी चीर पडते, तिथून ओल बाहेर झिरपते आणि झाडाची मुळं ओलीच्या मागाने आत येतात. मुळं धड पाइप फोडून आत शिरत नाहीत, त्यांना वाट आधीच असावी लागते. म्हणून मुळं दिसली याचा अर्थ इतकाच की त्या जागी एक जोड उघडा आहे. ३० पैकी एक.

बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पाइपची गोष्ट वेगळी. तो आतून गंजतो, गंजाचे खवले वाढून तोंड अरुंद होतं आणि सतत पाणी वाहणारा तळ झिजत झिजत शेवटी कागदासारखा होतो. तिथे वय हा खरा मुद्दा असतो. सिमेंटच्या पाइपला सांडपाण्यातून सुटणारा वायू वरून खातो. पाइपच्या छताच्या ओलीवर जिवाणू त्या वायूचं आम्ल करतात आणि छत भुसभुशीत होतं. काही देशांत डांबर आणि कागदाच्या लगद्याचे पाइप टाकलेले आहेत, ते दाबाने लंबगोल होतात, आतून फोड येतात. म्हणून हा प्रश्न कोणीही विचारला की माझा पहिला प्रश्न एकच: पाइप कशाचा आहे? घर किती जुनं हे त्यानंतर.

आता ताई, तुम्हाला काही गोष्टी विचारतो. तिन्ही वेळा तुंबलं ते एकाच जागी का? पहिल्या दोन वेळा आलेल्या माणसाला विचारा, सळई किती आत गेल्यावर अडली. त्यांना हे लक्षात असतं. दर वेळी वेगळ्या जागी अडत असेल तर दोष वापरात शोधायचा, म्हणजे तेल-चरबी, ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड. दर वेळी त्याच जागी अडत असेल तर तिथे पाइपमध्ये काहीतरी आहे.

दुसरं, पुढच्या चेंबरचं झाकण दोघांनी मिळून उघडा आणि तळाशी काय साचलंय ते बघा. काळा गाळ वेगळा आणि माती-वाळू-खडी वेगळी. माती येत असेल तर गोष्ट गंभीर आहे. घरातून कोणी माती फ्लश करत नाही, ती पाइपला पडलेल्या भोकातूनच येते, आणि जेवढी चेंबरमध्ये आली तेवढी पोकळी जमिनीखाली झालेली असते.

आणि हात जोडून सांगतो, वरून बघा. चेंबर कितीही उथळ वाटलं तरी आत उतरायचं नाही, डोकं आत घालायचं नाही. तिथला वायू बेसावध माणसाला श्वासा-दोन श्वासांत पाडतो. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं नसतं. तो जास्त झाला की नाकच काम करेनासं होतं.


निळीशाई

पाणसळ काका, वाचनखूण साठवली. "पाइप कशाचा आहे" हा प्रश्न आम्हाला कोणी विचारलाच नव्हता.


रानजाई

मी दुसरी बाजू सांगते, कारण "काही होत नाही, जेटिंग करा" हे ऐकून आम्ही दोन वर्षं घालवली आणि ती फार महागात पडली.

आमच्याकडे तुंबणं नव्हतंच. उलट पाणी झटकन जायचं, त्यामुळे पाइप उत्तम आहे अशी आमची समजूत. फक्त घुशी वाढल्या होत्या आणि मोरीबाहेरची एक फरशी पाय पडला की पोकळ वाजायची. पुढच्या चेंबरमध्ये दर महिन्याला मूठभर बारीक खडी साचायची. मी ती काढून टाकायचे आणि विसरून जायचे. रस्त्यावरून आली असेल असं वाटायचं, पण आपल्याकडून रस्त्याकडे वाहणाऱ्या पाण्यात रस्त्याची खडी कशी येईल, हा विचारच मनात आला नाही.

मग खिडकीच्या कोपऱ्यापासून विटांच्या सांध्यातून पायरी-पायरीने खाली जाणारा तडा दिसला. फरशी उचलली तर खाली घमेलं मावेल एवढा खड्डा, आणि त्या खड्ड्याच्या तळाशी पाइपच नाही. दोन तुकडे फुटून वाहून गेले होते. सांडपाणी उघड्या मातीतून स्वतःची वाट करून पुढच्या पाइपात शिरत होतं. मिस्त्रींनी मातीच्या त्या वाटेत हात घालून दाखवला, भिंतीच्या पायाखाली कोपरापर्यंत आत गेला. ते दृश्य मी विसरू शकत नाही.

आमची लाइन बदलावीच लागली, आणि ती दोन वर्षं आधी बदलली असती तर पायाची दुरुस्ती वाचली असती. म्हणून उंबरठा ताई, चेंबरमधली माती मनापासून बघा. आमचा पाइप वाहतो म्हणजे चांगला आहे, हे खरं नव्हतं.


पाणसळ

रानजाई ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. पाइप बदलायचा म्हणजे बदलायचाच, असे जे मोजके प्रसंग असतात त्यातला हा पहिला: पाइपचा तुकडाच जागेवर नसणं. त्याच्या जोडीला आणखी धरा: पाइप चिरडून आकार बदललेला असणं, एक तोंड दुसऱ्यापासून अर्ध्याहून जास्त सरकलेलं असणं, बिडाच्या पाइपचा तळ लांबवर गेलेला असणं, आणि मुळात उतारच चुकीचा असणं. उतार चुकला असेल तर आत कितीही अस्तर लावा, पाणी उभंच राहणार.

नुसत्या तड्याचं तसं नाही. पाइप चारही बाजूंनी मातीने आवळून धरलेला असतो. चिनीमातीच्या पाइपला लांबीने तडा गेला, पण तुकडे जागेवर आहेत आणि गोलाकार शाबूत आहे, तर माती त्याला धरून ठेवते आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. कॅमेऱ्याची भिंग रुंद कोनाची असते, ती तड्याच्या अगदी जवळ असते आणि सोबत दिव्याचा झोत. केसाएवढी चीर पडद्यावर बोटाएवढी दिसते. लोक घाबरतात ते इथेच. तडा उघडला आहे का, कडा वर-खाली झाल्या आहेत का, त्यातून माती डोकावते का, हे बघायचं.

कॅमेरा कसा घालायचा तेही सांगतो, कारण तुमची चार मिनिटांची चित्रफीत मला अपुरी वाटते. आधी जेटिंगने लाइन साफ करायची. तुंबलेल्या लाइनमध्ये कॅमेरा पाण्यात बुडणारच, त्यात पाइपचा काय दोष? साफ झाल्यावर तुमच्या चेंबरचं तोंड चित्रात दिसेल अशी सुरुवात करायची, म्हणजे हे तुमच्याच घराचं आहे याची खात्री. पडद्यावर मीटरचा आकडा चालू हवा. कॅमेरा सावकाश न्यायचा, प्रत्येक जोडापाशी थांबून डोकं गोल फिरवायचं. परत येताना वरून दोन बादल्या पाणी सोडायचं आणि ते कुठे थांबतं ते बघायचं. मूळ चित्रफीत तुमच्या ताब्यात घ्यायची, तुकडे नाहीत. काम करणारा आणि तपासणारा वेगवेगळा असेल तर उत्तम. पाइप बदलण्यात ज्याला काहीच मिळायचं नाही, त्याच्या तोंडून आलेल्या "बदला" ला वजन असतं. कॅमेऱ्याने दिसलेल्या दोषांना १ ते ५ अशी श्रेणी देण्याची पद्धत आहे, नॅसको नावाच्या संस्थेची, ५ म्हणजे सगळ्यात वाईट. तपासणारा प्रशिक्षित असेल तर अशा श्रेणीसह लेखी अहवाल मागा.


उंबरठा

सगळ्यांचे आभार. काल सुट्टी होती, अहोंनी आणि मी दोन्ही झाकणं उघडली.

पहिल्या दोन वेळा आलेल्या माणसाला फोन केला. तो लगेच म्हणाला, "दोन्ही वेळा पायऱ्यांजवळ अडली होती, बारावी सळई लावायच्या आत." त्याच्या सळया मीटर-मीटरच्या. म्हणजे एकच जागा.

पुढच्या चेंबरमध्ये काळा गाळ होता, बोटाच्या पेरभर. खुरप्याला लांब काठी बांधून थोडा वर काढला आणि जुन्या ताटलीत पाण्याने धुऊन बघितला. तळाला चिमूटभर वाळू राहिली आणि दोन खडे, तांबूस, कडा असलेले. वाळू म्हणजे माती आलीच का, काका? रानजाई ताईंची गोष्ट वाचल्यापासून मी त्या खड्यांकडे बघतेय.

कडेची प्रत्येक फरशी टाचेने आपटून बघितली. पोकळ कुठेच वाजली नाही. घुशींची बिळं नाहीत. भिंतीला तडा नाही.


पाणसळ

चिमूटभर वाळू भांडी घासण्यातूनही येते, अंगण धुताना जाळीतूनही जाते. तांबूस, कडा असलेले खडे मात्र मला विचार करायला लावतात, ते पाइपचेच तुकडे असू शकतात. फुटलेल्या चिनीमातीचा आतला रंग तसा असतो. एका बाजूला झिलई आहे का बघा.

आणखी एक करा, फुकटचं आहे. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, एक टोक मागच्या चेंबरपाशी, एक पुढच्या. पाणी स्थिर झालं की दोन्हीकडे त्या रेषेपासून आतल्या नाळीच्या तळापर्यंत पट्टी सोडून खोली मोजा. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर माप चुकतं. दोन मापांतला फरक म्हणजे तुमच्या लाइनचा एकूण उतार. ४ इंची पाइपला साधारण ४० ते ६० मीटरला १ मीटर उतार असला की घाण पाण्याबरोबर वाहून जाते.


चुनखडी

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. एवढं मोजमाप, कॅमेरा, जेटिंग, सगळ्याला वेळ आणि पैसा जातोच. त्यापेक्षा एकदाच संपूर्ण लाइन नवी टाकली की पुढची पिढी निवांत. ३० जोडांपैकी आज एक गेला, उद्या दुसरा जाईल. पीव्हीसीचे लांब नग टाकले की जोड चार-पाचच. आम्ही तसंच केलं आणि मला पश्चात्ताप नाही.


आडवाट

चुनखडी, तुमच्याकडे अंगण मोकळं असेल. ताईंच्या लाइनवर पायऱ्या आहेत आणि मोठं झाड आहे. शिवाय १८ मीटर चर खणायचा तो भिंतीला समांतर, पायाच्या शेजारून. पायापेक्षा खोल गेला तर तो स्वतःच एक जोखीम आहे. नवा पाइप टाकणाऱ्याने घाईत खाली मऊ, सारखा थर दिला नाही तर नवा पाइपही बसतो. "नवं म्हणजे चांगलं" हे जमिनीखाली गृहीत धरता येत नाही.


पाणसळ

चुनखडींचा मुद्दा टाकाऊ नाही. फरशी तशीही बदलायची असेल, चर मोकळ्या जागेतून जात असेल आणि दोष चार-पाच जागी विखुरलेले असतील, तर मीही संपूर्ण लाइन घ्या म्हणेन. एकेक जोड उकरत बसण्यात अर्थ नसतो. पण "उद्या दुसरा जाईल" हे चित्रफितीतून दिसायला हवं. बाकीचे २९ जोड ४० वर्षांनंतरही घट्ट असतील तर ते उद्याच का जावेत? जमीन बसायची ती बहुतेक सुरुवातीच्या वर्षांतच बसून घेते. नंतर एखादा जोड हलला तर त्याला काहीतरी नवं कारण असतं: वरून वाढलेलं ओझं, शेजारी खणलेला चर, वाढलेलं झाड, किंवा फुटलेली पाण्याची लाइन. ते कारण सापडलं पाहिजे, नाहीतर नवा पाइपही त्याच जागी मोडेल.


कौलारू

न उकरता करायचा मार्ग कोणी सांगितला नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे जुन्या पाइपच्या आत अस्तर केलंय. राळेत भिजवलेली कापडी बाही आत सोडतात, हवेने किंवा पाण्याने फुगवतात, ती जुन्या पाइपला आतून चिकटते आणि कडक होते. पाइपच्या आत पाइप. तंत्र काही कालपरवाचं नाही, १९७१ साली लंडनमध्ये पहिल्यांदा वापरलं गेलं. एकाच जोडापुरता छोटा तुकडाही बसवता येतो.

पण दोन गोष्टी आम्हाला आधी कळल्या असत्या तर बरं झालं असतं. अस्तर जुन्या पाइपचाच आकार घेतं. जिथे पाइप खाली बसला होता तिथे अस्तरही तसंच बसलं, आणि पाणी अजूनही तिथे थांबतं. मुळं बंद झाली, झिरपणं बंद झालं, खळगा मात्र राहिला. दुसरं, मध्ये येऊन मिळणारी बाथरूमची आडवी लाइन अस्तराने झाकली गेली, ती आतून कापून परत उघडावी लागली. कोणत्या जोडण्या कुठे आहेत याचा नकाशा आधी हातात हवा.


उंबरठा

काका, खडे बघितले. एकाला एका बाजूने तपकिरी चकचकीत झिलई आहे. पाइपचाच तुकडा.

नळीने मोजलं. मागे ५२ सेंटिमीटर, पुढे ८६. फरक ३४. अहोंनी भागाकार करून सांगितलं, ५३ ला १. तुम्ही सांगितलेल्या मापात बसतं ना?

आणि दुसऱ्यांकडून जेटिंग करून कॅमेरा घातला. हे फक्त तपासणी करतात, पाइप टाकत नाहीत. २६ मिनिटांची चित्रफीत आहे. मी त्यांच्याशेजारी उभी राहून सगळी बघितली आणि आकडे वहीत लिहून घेतले.

मागच्या चेंबरपासून ४.२ मीटरवर एका जोडातून केसासारखी बारीक मुळं, वरच्या बाजूने लोंबणारी. पहिल्या चित्रफितीतला झुपका तो हाच. जेटिंगने बराचसा गेला होता. ७.५ मीटरवर ती लांब काळी रेघ. त्यांनी कॅमेरा थांबवून फिरवला. चीर बंद आहे, कडा सरळ आहेत, आत माती नाही. पुढे ११.३ वर कॅमेरा एकदम खाली टेकला आणि पाण्यात गेला. ११.३ ते १२.६ पाण्यातच. १२.६ ला वर आला तेव्हा समोर एक जोड होता, खालचा ओठ तुटलेला, आणि त्या खाचेत मागे पकडल्यासारखी वाइप्सची आणि मुळांची दाट वेणी. जेटिंगनेही ती सुटली नव्हती. त्याच्या पुढे रस्त्यापर्यंत पाइप इतका स्वच्छ की आतली झिलई चमकत होती. बघून मला भरून आलं, खरं सांगते.

बादल्या ओतल्या तेव्हा पाणी फक्त तिथेच थांबलं. बाकी सगळीकडून सरळ गेलं.

आता अहोंना एकदम आठवलं, पुढच्या पायऱ्या तीन वर्षांपूर्वी रुंद केल्या, नवीन काँक्रीट ओतलं. पायऱ्यांची कड बरोबर साडेअकरा मीटरवर येते.


पाणसळ

ताई, तुमच्या वहीतच उत्तर आहे. ५३ ला १ म्हणजे लाइनचा एकूण उतार उत्तम, मूळ काम जाणत्या माणसाने केलेलं. बिघाड १.३ मीटरचा, आणि त्याचं कारण डोळ्यांसमोर आहे: काँक्रीटचं ओझं थेट पाइपवर आलं. १८ मीटर बदलायची काहीच गरज मला दिसत नाही.

११ ते १३ एवढाच भाग उकरा. पायरीच्या कडेचं काँक्रीट थोडं कापावं लागेल, सगळी पायरी नाही. धड पाइपात शिरेपर्यंत दोन्हीकडे कापायचं, मध्ये पीव्हीसीचा तुकडा आणि दोन्ही टोकांना स्टीलच्या पट्ट्यांचं रबरी कपलिंग. चिनीमाती आणि पीव्हीसी यांचे बाहेरचे व्यास वेगळे असतात, म्हणून कपलिंग दोन मापांना जोडणारं हवं. सिमेंटने जोडू देऊ नका, तीच जुनी कथा परत सुरू होईल. खाली माती ठोकून बारीक खडीचा सारखा थर, पाइपच्या दोन्ही कुशींतही तीच खडी, आणि वर पायरीचं ओझं पेलायला पाइपला न टेकणारी आडवी लादी, जी चराच्या दोन्ही बाजूंच्या न उकरलेल्या जमिनीवर बसेल.

७.५ च्या चिरेला हात लावू नका. ४.२ च्या मुळांसाठी दोन पर्याय: वर्षाने पुन्हा कॅमेरा घालून बघणं, किंवा कौलारू म्हणतात तसा त्या एका जोडापुरता अस्तराचा तुकडा. तिथे खळगा नाही, म्हणून अस्तर चालेल. मुळं जाळायची औषधं मात्र ओतू नका. झाडालाही अपाय आणि पुढे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंनाही.


चुनखडी

आकडे बघून माझं मत बदललं. एवढ्या कारणासाठी झाड तोडू नका.


रानजाई

ताई, उकराल तेव्हा १२.६ च्या खाली पोकळी झाली आहे का ते काठीने खुपसून नक्की बघा. झिलईचा तुकडा वाहून आला म्हणजे थोडी माती गेलेली असणार. असेल तर ती नीट ठोकून भरून घ्या, नुसतं वरून झाकू देऊ नका.


उंबरठा

काम झालं, म्हणून कळवायला आले.

दोन मीटरच उकरलं. पायरीच्या काँक्रीटचं टोक पाइपच्या पाठीवर अक्षरशः टेकलेलं होतं, मध्ये बोटभर माती. पाइप मोडून खाली तीन बोटं बसला होता. रानजाई ताई, तुम्ही म्हणालात म्हणून मी मिस्त्रींना काठी खुपसायला लावली. जोडाच्या बरोबर खाली नारळाएवढी पोकळी होती, आत काळं पाणी. आधी पाणी उपसलं, मग ओल्या मातीचा चिखल काढून कोरडी माती आणि खडी थराथराने ठोकून भरली. ती पोकळी भिंतीपासून दीड हात लांब होती.

बुजवायच्या आधी पाणसळ काकांच्या नळीने मधला उतार पुन्हा मोजला. मग पुढच्या चेंबरच्या तोंडाला फुगवायचा बूच लावून लाइन पाण्याने भरली आणि अर्धा तास थांबलो. मागच्या चेंबरमधली पाण्याची रेष पाव इंच उतरली. मिस्त्री म्हणाले, जुने जोड थोडं पितातच. नवीन दोन जोडांखाली कोरडा कागद धरून ठेवला होता, तो कोरडाच निघाला.

४.२ च्या जोडाला आत्ता काही केलं नाही. वर्षाने कॅमेरा घालायचा, तारीख वहीत त्याच आकड्यांच्या खाली लिहून ठेवलीय. झाड जागेवर आहे.


निळीशाई

ताई, एक शंका. ती वही आणि चित्रफीत घर कधी दुसऱ्याच्या हाती गेलं तर त्यालाही द्याल ना? आम्हाला घर घेताना असं काहीच मिळालं नव्हतं.


उंबरठा

हो. चेंबरची जागा, खोली आणि मीटरचे आकडे एका कागदावर काढून घराच्या कागदपत्रांत ठेवलेत. पायरीखाली पाइप कुठे आहे त्यावर लाल रेघ मारलीय.